मोज्यातला ससा

"पोरीचे हात बघत जा हो रोज," असं छत्रीवाले आजोबा मला बालवर्गाच्या फाटकाशी म्हणाले होते, आणि मी "हो हो, बघते की," म्हणून हसून पुढे झाले होते. आभाळ कोरडं असो नाही तर भरलेलं, त्यांच्या मनगटावर छत्री अडकवलेली असायचीच. ते नातीला न्यायला यायचे. नात म्हणजे जाड काचांचा चष्मा लावणारी, गंभीर चेहऱ्याची मुलगी. वर्गातली पोरं तिला चष्माच म्हणायची आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. आजोबा हे बोलले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते, फाटकाच्या कडीकडे बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना हात म्हटलं की डिंक, रंग, नखातली माती एवढंच सुचतं. शिवाय हे सांगायचं कुणाला, तर मला? जिच्याबद्दल घरात म्हणतात की हिला दोन डोळे कमी पडले म्हणून हिने पाठीला चार लावून घेतले आहेत, तिला? भिंगरीच्या (लेकीचं हे नाव तिच्या एका जागी न बसण्यावरून पडलं) कानामागचा भाग, जिभेचा रंग, डब्यात उरलेले घास, झोपेतला श्वास, सगळ्यावर माझी नजर असते. हातही मी बघतच होते, पालथे आणि उताणे, रोज. स्वच्छ असायचे. स्वच्छ हातांमध्ये बघण्यासारखं काय असतं?

आणि मग एका दुपारी दूध सांडलं. एवढंच झालं खरं तर, लहान मुलाच्या घरात दूध सांडण्याला काही घटना म्हणत नाहीत. पेला तिच्या डाव्या बाजूला होता, अगदी कोपराला लागून. तिने तो घ्यायला आख्खं अंग वळवलं आणि उजवा हात छातीवरून पलीकडे नेला, जड सामान उचलणारं यंत्र मान फिरवतं तसा. बोटं पेल्याला पोचली पण धरता आलं नाही. दूध टेबलाच्या फटीतून खाली ठिबकायला लागलं. मी रागवायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं, कारण तेव्हा मला तिचा डावा हात दिसला. तो मांडीवर होता. बोटं आत दुमडलेली, अंगठा त्यांच्याखाली दडपलेला, एखादी वस्तू कामाची नाही म्हणून आवरून ठेवावी तसा. तिने सांडलेल्या दुधाकडे पाहिलंच नाही. त्या मुठीवर वाकली आणि ओठ टेकवून कुजबुजली, "शू... झोप, झोप. काही नाही झालं."

"कोण झोपलंय गं?"

"ससा," ती म्हणाली. मंद माणसाला सांगावं त्या आवाजात.

मी फडकं आणायला उठले. नळाखाली फडकं पिळत राहिले. तो डावा हात मी तिच्याआधीपासून ओळखते असं मला वाटतं. पोटात असताना एका बाजूने ढुशा देणारा तो हाच असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दूध पिताना माझ्या गळ्यातली साखळी धरून ठेवणारा, पहिला घास स्वतः उचलणारा, दिव्याच्या बटणापर्यंत टाचा उंचावून पोचणारा, भिंतीवर खडूने पहिली वेडीवाकडी रेघ ओढणारा, सगळीकडे तोच पुढे. इतका सहज पुढे, की मी त्याला कधी काही नावही दिलं नव्हतं. आपलं मूल श्वास घेतं याला आपण काही नाव देतो का? आता मी मागे मागे जाऊन आठवत होते. चित्रं काढणं थांबलं होतं ते कधीपासून? बूट मला घालायला लावते ते? केस विंचरू देते आणि स्वतः फणी धरत नाही ते? मला वाटलं होतं, लाडात आली आहे. बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "काय सांडलं?" मी म्हटलं, "दूध." तो म्हणाला, "मग पुस." या घरात संकटं अशी चटकन निस्तरतात.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पाण्याची बाटली घरी विसरली, ती द्यायला म्हणून मी मधेच शाळेत गेले. बालवर्ग तळमजल्यावर आहे. बुटकी टेबलं, त्याहून बुटक्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत कागदाच्या साखळ्या, खिडकीत सुकत ठेवलेली चित्रं आणि या सगळ्यावर डिंकाचा तो गोडसर, किंचित आंबूस वास, जो मला इतके दिवस आवडत होता. दाराला डोक्याच्या उंचीवर एक काच आहे. आत कात्रीचा तास चालला होता. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पत्र्याचा डबा, त्यात रंगीत मुठींच्या कात्र्या डोकी खाली करून उभ्या. पोरं एका सुरात म्हणत होती, "मगर मगर तोंड उघड, कागद खा नि तोंड मीट," आणि तालावर कात्र्या उघडत मिटत होत्या. कुणी पट्ट्या कापत होतं, कुणी कागदी चेहऱ्याचे केस कापत होतं. एक पोरगा सरबताच्या नळीचे तुकडे करत होता, तुकडा टुणकन उडाला की आपणही उडत होता. किती छान, असं माझ्या मनात आलंही. ते मनात आल्याचा मला अजून राग येतो. मग बाईंनी भिंतीवरच्या हुकावरून एक पिवळा मोजा काढला. त्याला कापडाचे कान शिवलेले होते आणि बटणांचे डोळे. भिंगरीने न सांगता डावा हात पुढे केला. बाईंनी तो मोजा तिच्या मनगटाच्या वरपर्यंत हलकेच चढवला, मांडीवर ठेवला, थोपटला, आणि सगळा वर्ग एकदम म्हणाला, "शूऽऽ." बाईंनी कात्री तिच्या उजव्या हातात दिली. तिने जीभ बाहेर काढून कापायला सुरुवात केली. मधेच मोजा जरासा हलला. लगेच समोरची एक चिमुरडी ओरडली, "बाई, बाई, तिचा ससा उठला!" आणि भिंगरीने घाईघाईने मांड्या आवळून तो आणखी घट्ट दाबून धरला. ती हसत होती. हे लिहिताना पुन्हा सांगते, ती हसत होती. सगळा वर्ग हसत होता. त्या खोलीत कुणीही दुष्ट नव्हतं.

हुकावर आणखी एक मोजा होता. करडा. त्याला कान होते, डोळे नव्हते.

तास संपल्यावर मी आत गेले. बाईंचा चेहरा मला बघून खुलला. त्यांचा चेहरा कुणालाही बघून खुलतो. "या ना आई! बाटली का? अहो, इतकं धावत यायचं का त्यासाठी?" इथे सगळ्या आयांना आईच म्हणतात. त्यामुळे आपण एकदम कुणापेक्षा तरी मोठ्या होतो आणि बोलायला अवघड जातं.

"तिच्या हाताला मोजा का घातला होता?"

"मोजा नाही हो, ससा!" त्या हसल्या. "बघितलंत ना? काय रमली होती!"

"ती सगळं डाव्या हाताने करते."

"करायची," बाई म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "अहो, डाव्याने तिला कापताच येत नव्हतं. कागद नुसता दुमडायचा. बाकीची पोरं कापताहेत आणि ही बसलीय तोंड एवढंसं करून. रडायची हो! मला कसंतरी व्हायचं. म्हटलं, बाळाला त्रास कशाला? तुम्हाला माहितीये, आमच्याकडे ओरडणं नाही, मारणं नाही. जे काय ते खेळातून. डाव्याला छान झोप लागली की उजवा आपला आपण कामाला लागतो."

"मला विचारायचंत."

"अगंबाई," बाई खरोखर चकित होऊन म्हणाल्या, "खेळ काय विचारून खेळतात का?"

पदवीची सगळी वर्षं मी वादसभेत बोलत होते, बक्षिसाचे पेले माळ्यावर आहेत. पण रागाला टेकायला काहीतरी लागतं, आणि इथे नुसता कापूस होता. छडी असती, वळ असता, चिमटा असता, निदान एक वाकडा शब्द असता तरी मी त्या खोलीचं छप्पर उडवलं असतं. बाई माझ्याकडे काळजीने बघत होत्या. "तुम्ही फार ताण घेता आई," त्या म्हणाल्या. "मुलांना तो कळतो हं."

घरी येताना भिंगरी माझं बोट उजव्या हाताने धरून चालत होती. तिने मला डावीकडून उजवीकडे जायला लावलं होतं. मी, मुद्दाम रस्त्याकडे बघत, विचारलं, "तो करडा ससा कुणाचा गं?"

"चष्म्याचा."

"त्याला डोळे नाहीत ते?"

"होते. बाईंनी काढले. तो सारखा जागा व्हायचा ना!" मग थोडं चालून, मला धीर द्यावा तशी म्हणाली, "माझा नाही होत."

माझा भाऊ, दादा, डावखुरा होता. 'होता' असंच तोंडात येतं, जसं काही तो डावखुरा दादा वारला आणि दुसरा एक उरला. त्याचे मास्तर पट्टी उभी धरून त्याच्या डाव्या हाताच्या पेरांवर मारायचे. पेरं सुजून यायची, आई ती गरम पाण्यात धरायची. बाबा एकदा शाळेत जाऊन मास्तरांची गचांडी धरून आले, आणि ती गोष्ट आमच्या घरात सणासारखी वर्षानुवर्षं सांगितली गेली. दादा शेवटी उजव्याने लिहायला शिकला. अक्षर सुरेख आहे. पण बंद दारासमोर आला की अजून क्षणभर थबकतो, दोन्ही हात अर्धे वर येतात, 'आधी आपण' 'छे छे, आधी आपण' करणाऱ्या दोन पाहुण्यांसारखे. लहानपणी मला ते बघून हसू यायचं. तोही हसायचा. मी त्याला त्या संध्याकाळी फोन केला.

"ससा?" तो म्हणाला. "वा! आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आम्हाला थेट पट्टी."

"चेष्टा करू नकोस रे."

"चेष्टा नाही गं बाई. कात्री म्हणतेस ना, मी आजतागायत हातात धरलेली नाही. नखंसुद्धा तुझी वहिनी कापते. लोकांना वाटतं काय प्रेम आहे!" तो हसला. फोनमध्ये त्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. "एक सांगू? मला मार मिळाला ते एका अर्थी बरंच होतं. मास्तर वाईट होता, एवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं. रात्री अंथरुणात पडून मी त्याला मनसोक्त शिव्या द्यायचो. तुझी पोरगी कुणाला देणार?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातल्या खणातून कात्री काढली आणि जमिनीवर बसले. बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं: कागद नुसता दुमडायचा. का? ज्या हाताला बटणाच्या भोकातून दोरा ओवता येत होता, त्या हातात कागद का दुमडावा? मी कात्री डाव्या हातात धरली. कागद दुमडला. माझा डावा कच्चा म्हणून असेल, असं म्हणून मी हळूहळू, फार हळू पाती मिटत गेले आणि कात्री दिव्यापुढे धरली. तेव्हा ती फट दिसली. दोन पात्यांच्या मधे प्रकाशाची बारीक रेघ. उजव्या हातात धरलं की अंगठ्याचा दाब पात्यांना एकमेकांवर भिडवतो. डाव्यात तोच दाब त्यांना एकमेकांपासून दूर सारतो, आणि कागद त्या फटीत आडवा पडून राहतो. शिवाय आखलेली रेघ वरच्या पात्याआड जाते, कापणाऱ्याला दिसतच नाही. मी कात्री उलटी करून बघितली. उलटी केली तरी तीच. उजवीची डावी होत नाही. म्हणजे माझी लेक तिथे बसून रोज अशा वस्तूशी झगडत होती, जी तिच्या हातात कापणारच नव्हती, आणि त्या डबाभर कात्र्यांकडे कुणी एकदाही संशयाने पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. डबा निर्दोष सुटला आणि हाताला झोपेची शिक्षा झाली.

मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो माणूस वाईट नाही. उकिडवा बसला, फट बघितली, "अरे! खरंच की," म्हणाला. मग उठताना म्हणाला, "पण मला सांग, सगळं जगच उजव्या हाताचं आहे. कात्र्या, दारं, कुलपं. आज ना उद्या तिला जमवून घ्यावंच लागणार. रडत शिकण्यापेक्षा हसत शिकली तर बिघडलं कुठे?"

"जगाला उजवा सोयीचा म्हणून तिचा डावा मारून टाकायचा?"

"मारलाय कुणी? झोपवलाय नुसता..."

वाक्य अर्धं राहिलं. त्याला ते स्वतःच्या आवाजात ऐकू आलं होतं. आतल्या खोलीत भिंगरी बाहुलीला काहीतरी समजावत होती. शब्द कळत नव्हते, पण मधे मधे ते "शू" ऐकू येत होतं. तो परत खाली बसला. "उद्या तिला पाठवू नकोस," तो म्हणाला.

डाव्या हाताची कात्री असते, हे मला त्या आठवड्यात सगळ्या बाजारपेठेला समजावून सांगावं लागलं. वह्या पेनं विकणारा दुकानदार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, चप्पल डावी उजवी असते. कात्री कधीपासून व्हायला लागली?" शेजारचे दोघं खुसखुसले. मी काउंटरवरची त्याची कात्री उचलली, त्याच्या डाव्या हातात दिली आणि म्हटलं, "कापा." त्याने कापायचा प्रयत्न केला. कागद दुमडला. तो जरा वेळ कात्रीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही जुनी झालीय." लोक आपली कात्री जुनी म्हणतील, कागद खराब म्हणतील, पोरगी हट्टी म्हणतील. शेवटी चित्रकलेचं सामान मिळतं तिथे, तळाच्या खणात, गोल टोकाची एक हिरव्या मुठीची मिळाली. पाती बरोबर उलट बाजूने एकमेकांवर आलेली. ती मी मुठीत धरून घरी आणली, पिशवीत टाकवेना.

भिंगरीने ती बघितली, "हिरवी!" म्हणाली आणि घ्यायला उजवा हात पुढे केला.

"या हातात घेऊन बघ," मी म्हटलं.

"तो झोपलाय."

"उठव की मग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले आहे. "तो उठला की सगळे ओरडतात," ती म्हणाली. आणि मूठ पाठीमागे नेली, माझ्यापासून लपवली. माझ्यापासून.

तेव्हा मला आजोबा आठवले. त्यांचं ते वाक्य, ती फाटकाची कडी. मला त्यांना गाठायचं होतं. एका घरी काही बिनसलं की त्याला त्या घरचं वेड म्हणतात. दोन घरी बिनसलं तर बाईंना निदान खुर्चीवर बसून ऐकून तरी घ्यावं लागेल, असं मला वाटत होतं. त्यांची इमारत मला ठाऊक होती, शाळेच्या मागच्या गल्लीत, हिरव्या जाळीच्या गच्च्यांची. दाराला कुलूप होतं. बाहेर बूट ठेवायची फळी रिकामी, तिच्यावर धुळीत लहान बुटांचे दोन स्वच्छ ठसे. शेजारची बाई जिन्यात कपडे वाळत घालत होती.

"ते ना? गेले की. मुलाची बदली झाली."

"कुठे?"

"सांगितलं होतं बाई नाव. माझ्या लक्षात राहतंय कुठे!" तिने चिमटा दातात धरला, चादर झटकली. "तुम्ही शाळेतल्या का?"

"नाही, माझी मुलगी त्यांच्या नातीच्या वर्गात आहे. आजोबा काही म्हणाले होते का? शाळेबद्दल?"

"आजोबांना विचारतंय कोण हो? ते आपले जिन्यात पुटपुटायचे. सून म्हणायची, तुम्ही लक्ष घालू नका, शाळा चांगलीय, पोरगी हसत जाते, हसत येते. खोटं नव्हतं ते. गुणी होती पोर. आवाज म्हणून नाही." मग चिमटा दोरीला लावता लावता म्हणाली, "एक हात तेवढा सदान्‌कदा खिशात."

मी तशीच शाळेत गेले. नाव काढायचं होतं, ते काढलं. बाईंचे डोळे भरून आले; खरंच आले, ढोंग नव्हतं. "एवढी छान प्रगती होती," त्या म्हणाल्या. मी त्यांना कात्रीतली फट दाखवली. पिशवीतली हिरवी कात्री दाखवली. दादाबद्दल सांगितलं, दूध सांडल्याचं सांगितलं, घरातलं ते "शू" सांगितलं. माझा आवाज चढला होता, व्हरांड्यात दोन आया थांबल्या होत्या. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "कात्री छानच आहे हो. पण वर्गात एकालाच वेगळी दिली तर बाकीची हट्ट धरतात." एवढंच. त्यांच्या लेखी मी एका खेळण्याबद्दल बोलत होते. मी हुकाजवळ गेले आणि दोन्ही मोजे काढले.

"पिवळा न्या की, तिची आठवण राहील," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "करडा मात्र राहू द्या आई. पुढच्या बाळाला लागेल."

मी दोन्ही पिशवीत कोंबले आणि बाहेर पडले. माझ्या मागे त्यांनी कुणाला तरी हळूच म्हटलेलं मी ऐकलं, "बिचारी." मी फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि तिथे उभी राहिले. लोखंड तापलेलं होतं. याच कडीकडे बघत तो म्हातारा बोलला होता. सुनेच्या धाकाने, शाळेच्या नावाच्या धाकाने, आपल्याला खुळा ठरवतील या धाकाने जेवढं बोलता येईल तेवढं बोलला होता. सरळ का नाही बोलला, असा मला त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की मी एवढी सरळ, एवढ्या मोठ्याने बोलून आत्ताच बाहेर पडले आहे आणि हाती काय लागलंय तर बिचारी हा शब्द. त्या शाळेतून मुलं रडत बाहेर पडत नाहीत. यात सगळी मेख आहे. रडणाऱ्या मुलाकडे रस्ताभर लोक वळून बघतात. हसत चाललेल्या मुलाची झडती कोण घेणार? गोड बोलून माणसाच्या अंगातला एक अवयव काढून घेता येतो आणि वर त्यालाच तो सांभाळायला देता येतो, की बघ हं, उठू देऊ नकोस. माझी पोरगी स्वतःच्या हाताची राखण करत होती. तिला पहारेकरी म्हणून नेमलं होतं आणि तिला तो मान वाटत होता.

आता आमच्याकडे रोज सकाळी स्वयंपाकघराच्या जमिनीवर दुकान मांडलेलं असतं. कणकेचे लांब साप, सरबताच्या नळ्या, जुन्या कागदांच्या पट्ट्या, एक कागदी माणूस, ज्याच्या डोक्यावर मी कागदाचे भरघोस केस चिकटवते आणि रोज नव्याने चिकटवते. मी मगर म्हणत नाही, ससा म्हणत नाही. उठव म्हणत नाही, झोपव म्हणत नाही. हिरवी कात्री मधोमध ठेवते, कुणाच्याही हाताला जवळ नाही अशी. सुरुवातीला ती उजव्याने घ्यायची, आणि ती कात्री उजव्यात कापत नाही, म्हणून कागद दुमडायचा. ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "कात्रीचं चुकतंय." एवढं एकच वाक्य मी तिला शिकवलं. ती ते कात्रीला ऐकवायची, आधी घाबरत, मग दरडावून: "तुझं चुकतंय!" आणि एकदा मी कणीक आणायला उठले, पाठमोरी होते, तेव्हा मागे आवाज आला. कच्च. जाड कागद मधोमध सुटल्याचा, भरीव. मी वळले. कात्री जमिनीवर होती आणि मूठ तिच्या फ्रॉकच्या खिशात. पट्टीचे दोन तुकडे झाले होते, कड सरळ, स्वच्छ. "कुणी कापलं गं?" मी विचारलं, आणि जीभ चावली. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि छताकडे बघायला लागली.

तेव्हापासून मी वळत नाही. मी, जिला जन्मभर बघण्यावाचून दुसरं काही आलं नाही, ती रोज सकाळी लेकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसते. समोर ओट्याखालची फरशी असते, तिच्यावर तेलाचा एक जुना डाग आहे. मी त्या डागाकडे बघते. मागे आधी काहीच होत नाही. मग फ्रॉकच्या कापडाची सळसळ. मग जमिनीवरून मूठ ओढल्याचा आवाज. मग कच्च. थांबणं, मला अजमावणं; माझी मान हलत नाही ना ते बघणं. मग पुन्हा कच्च, कच्च. मला बघायची इतकी आस लागते की मानेच्या शिरा दुखतात. जीभ बाहेर काढली असेल का? अंगठा वर ठेवला असेल का? बोट मधे तर नाही येणार? तरी मी डागाकडे बघत राहते. कारण तिने तो हात जागा केला आहे तो फक्त कुणी बघत नसलेल्या जगात, आणि ते जग सध्या माझ्या पाठीएवढंच रुंद आहे.

आत्ताही तशीच बसले आहे, मांडीवर कागद घेऊन हे लिहिते आहे, आणि मागे कात्री चालू आहे. शेजारी पिशवीतला करडा मोजा आहे. त्याच्यावर जिथून डोळे उसवून काढले तिथे दोऱ्याची बारीक टोकं राहिली आहेत, बोटाला टोचतात. या मोज्याचा हात कुठे गेला मला माहीत नाही. गावाचं नाव शेजारणीच्या लक्षात नाही. पण कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी जिन्यात नवीन बिऱ्हाड आलं असेल. कदाचित तुमच्याच. जाड काचांचा चष्मा, गंभीर चेहरा, त्रास म्हणून नाही, आवाज म्हणून नाही. सोबत छत्रीवाला एक म्हातारा असेल. तुम्ही म्हणाल, किती गुणी पोर! तिचा डावा हात खिशात आहे का, तेवढं बघा. काही विचारू नका, उठवायला जाऊ नका. एक डाव्या हाताची कात्री तिच्याजवळ ठेवा आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसा. आवाज येईपर्यंत बसा. मला इथून हलता येत नाही. माझ्या मागे आत्ता कापणं चाललंय.